लिहीत राहण्याचा हिशेब

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कादंबरीला प्रकाशकांचा होकार आल्याचं वाचून फार आनंद झाला. आता तू विचारलेला प्रश्न: नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावं का?

आधी आकडे बघ. मराठीत नव्या लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती साधारण ५०० ते १००० प्रतींची निघते. किंमत ३०० रुपये आणि रॉयल्टी, म्हणजे किमतीतला तुझा वाटा, १० टक्के धर. सगळ्या १००० प्रती खपल्या तर तुझ्या हाती ३०,००० रुपये येतील, आणि तेवढ्या खपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. लिहिण्यात गेलेली वर्षं यात धरलेलीच नाहीत. तुला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. कादंबरीवर घर चालणार नाही हे एकदा मान्य केलंस की तिच्यावरचा मोठा भार उतरतो. मग ती किती लांब असावी, कुठे संपावी, यात घरभाड्याला बोलायची जागा राहत नाही.

आपल्याकडची किती तरी मोठी माणसं अशीच लिहीत आली. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होते आणि कोकणातल्या कादंबऱ्या लिहीत होते. शांता शेळके यांनी अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात काम केलं, महाविद्यालयांत मराठी शिकवलं, अनुवाद केले, चित्रपटांसाठी गाणी लिहिली, आणि कविता कधी सोडली नाही. नोकरी म्हणजे लेखनाशी तडजोड, असं हल्ली तुझ्या वयाच्या मुलांकडून ऐकते. मला ते पटत नाही. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो म्हणून निश्चिंतपणे लिहिलेली पानं ही कमी प्रतीची नसतात.

तेव्हा पोटासाठी कोणतं काम करायचं आणि ते तुझ्यातलं काय वापरून टाकतं, हे आधी तपास. मुद्रितशोधनात पैसे कमी आणि डोळ्यांना ताण, पण संध्याकाळी कल्पनाशक्ती शाबूत असते. अनुवादाचा मोबदला पानावर किंवा शब्दावर मिळतो. तो फार नसतो, तरी दुसऱ्याचं वाक्य मराठीत उभं करताना स्वतःच्या वाक्याची ठेवण कळते. माझ्या मते नव्या लेखकासाठी याहून चांगली शाळा नाही. दर मात्र आधी ठरव, आणि तो मूळ मजकुराच्या शब्दांवर की मराठीतल्या, हेही विचारून घे.

शब्दांकनाकडे, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं त्याच्यासाठी लिहून देण्याच्या कामाकडे, तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, उद्योजक, शिक्षणसंस्था यांना आत्मचरित्रं, गौरवग्रंथ, स्मरणिका करून हव्या असतात, आणि हे काम पुस्तकाच्या रॉयल्टीपेक्षा बरंच जास्त देतं. माणसाला तासन्तास बोलतं करायचं, तो कुठे थांबतो, काय टाळतो ते ऐकायचं. कथा लिहिणाऱ्यासाठी हा खजिना आहे. (त्या माणसाची गोष्ट मात्र तुझ्या कथेत ओळखू येईल अशी उतरता कामा नये. तो विश्वास मोडायचा नाही.) एक तृतीयांश रक्कम सुरुवातीला, एक तृतीयांश पहिल्या खर्ड्यावर, उरलेली हस्तलिखित देताना घे. पुस्तकावर ‘शब्दांकन’ म्हणून तुझं नाव छापणार का, हे पहिल्याच बैठकीत विचार.

दैनंदिन मालिकांचं लेखन या सगळ्यांपेक्षा चांगले पैसे देतं. पण रोज एक भाग हातावेगळा करायचा, वाहिनीकडून आलेले बदल रात्रीत करायचे, आणि पैसे बहुतेकदा प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी. शिवाय गोष्ट रचण्याची जी ताकद कादंबरीला लागते, तीच तिथे रोज संपते. करायचंच असेल तर मुदत ठरवून कर आणि त्या काळात कादंबरी पुढे सरकत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस.

दिवाळी अंकांबद्दल थोडंसं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही प्रथा आजही नव्या कथेला वाचक मिळवून देते. वाचनालयांच्या वर्गणी योजनांमधून एकेक अंक कितीतरी घरांत फिरतो. संपादकांची पत्रं उन्हाळ्यात येऊ लागतात, मजकूर पावसाळ्यात द्यावा लागतो आणि मानधन दिवाळीनंतर. वर्षाला एक किंवा दोनच कथा दे. पाच अंकांना होकार दिलेल्या लेखकाच्या पाचव्या कथेत काय उरलेलं असतं, ते वाचकाला लगेच कळतं.

नोकरी सोडायचीच असेल तर माझ्या दोन अटी आहेत. घरचा वर्षभराचा खर्च बाजूला असावा. आणि नोकरीत असतानाच निदान दोन ठिकाणांहून वर्षभर नियमित काम आलेलं असावं. आरोग्यविमा स्वतःच्या नावावर आधीच काढ, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. भविष्यनिर्वाह निधीही थांबेल, म्हणून बँकेत पीपीएफ (सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी) खातं उघड. त्याची मुदत १५ वर्षांची असते, म्हणजे लवकर सुरू केलेलं बरं. मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला गेला की प्राप्तिकराचं विवरणपत्र भर. उत्पन्न कमी असेल तर ती रक्कम परत मिळते. दर महिन्याच्या शेवटी अर्धा दिवस पावत्या, थकबाकी आणि स्मरणपत्रांसाठी ठेव. पैसे मागणं हा उद्धटपणा नाही. ‘साहित्यसेवा’ म्हणून मजकूर मागणारे कागदवाल्याला आणि छापखान्याला पैसे देतातच.

आता तुझा करार. तुझ्या पत्रात त्यावर एकच ओळ होती आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. पुस्तक लिहिलंस त्या क्षणी स्वामित्वहक्क (कॉपीराइट) तुझा झाला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो कुणाला द्यायचा तर लेखी आणि तुझ्या सहीनेच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच काही मसुद्यांमध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात.

छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, नाटक, चित्रपट, वेबमालिका हे सगळे हक्क वेगवेगळे आहेत. प्रकाशक छापील पुस्तक काढणार असतील तर छापील आवृत्तीचा हक्क दे, तोही ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक आवृत्त्यांसाठी. ऑडिओ आणि दृश्य माध्यमांचे हक्क स्वतःकडे ठेव. ते द्यावेच लागले तर त्यातल्या उत्पन्नाचा वाटा टक्क्यांत लिहून घे. पुस्तक बाजारात संपलं आणि ठरलेल्या मुदतीत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क तुझ्याकडे परत यावेत, असं कलम माग. विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळावा, हेही. दहा-पंधरा वर्षांत तुझी चार-पाच पुस्तकं होतील, आणि त्यांचे हक्क तुझ्याकडे असतील तर म्हातारपणी त्यांचाच आधार होईल.

छपाईचा खर्च तुझ्याकडून मागितला तर नाही म्हण. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढायचं ठरलंच तर मग सगळे हक्कही स्वतःकडे ठेवून उघडपणे स्वतः काढ. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो. राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकांसाठीच आहे, तिथेही अर्ज करता येईल.

मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. रविवारी सकाळी फोन कर, आपण दोघी एकेक कलम मोठ्यानं वाचू आणि काय बदलून मागायचं ते लिहून काढू. प्रकाशकांना उत्तर द्यायला आठवडाभराची मुदत आत्ताच मागून ठेव.

तुझी,
ताई