दोन बाय चार म्हणजे नेमकं किती?

प्रश्न: मी मुलुंडला राहते, लाकूडकाम हौसेनं शिकते आहे. एका अमेरिकन नकाशावरून चार फुटी बाक करायला घेतलं. पाय ‘दोन बाय चार’चे आणि बैठकीला ‘दोन बाय सहा’च्या तीन फळ्या. रे रोडच्या वखारीत हीच मापं सांगून सागवान कापून आणलं. नकाशात बैठकीची रुंदी साडेसोळा इंच आहे, माझ्या फळ्या मात्र अठरा इंच भरतात. वखारवाल्यानं चुकीचं लाकूड दिलं का?

उत्तर: नाही ताई, त्यानं तुम्हाला सांगितलेलं माप पुरेपूर दिलं. फरक नकाशात आहे. अमेरिकेत ‘दोन बाय चार’ हे त्या लाकडाचं नाव आहे, माप नव्हे. ओलं लाकूड कापतात, ते वाळताना आकसतं, मग चारही अंगांनी रंधून दुकानात येतं. हातात पडतं ते दीड बाय साडेतीन. ‘दोन बाय सहा’ म्हणजे दीड बाय साडेपाच, म्हणून तीन फळ्यांचे साडेसोळा. ‘एक इंची’ फळी तिथे पाऊण इंचाचीच असते.

या पाऊण इंचानं मलाही शिकवलंय. लालबागच्या आमच्या खोलीत दार आणि भिंत यांच्यामध्ये छत्तीस इंचांची जागा होती. तिथल्यासाठी पुस्तकांचं कपाट अशाच नकाशावरून केलं. आतले कप्पे नकाशाप्रमाणे साडेचौतीस इंचांचे कापले, बाजूच्या फळ्या मात्र खऱ्या एक इंचाच्या लावल्या. कपाट साडेछत्तीस झालं. अर्धा इंच, म्हणजे चार सूत जास्त! वडील सुतार. त्यांनी पाचही कप्पे काढून माझ्याकडूनच पुन्हा कापून घेतले. आपल्याकडची १९ मिलिमीटरची प्लाय म्हणजे जवळपास सहा सूत, अर्थात पाऊण इंचच. अशा कपाटाला ती चपखल बसते. तरी प्रत्येक शीट मोजूनच घ्या.

तुमच्या फळ्या चिरून अरुंद करू नका, चांगलं सागवान वाया जाईल. आधी रंधा मारून घ्या. मग तिन्ही फळ्या शेजारी मांडा, मध्ये दोन-दोन सुतांची फट सोडा आणि जी रुंदी येईल तिच्यावरून खालच्या आडव्या पट्ट्या कापा. फट सोडाच. आपल्या पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. बैठकीची फळी दीड इंचापेक्षा जेवढी जाड उरेल, तेवढे पाय आखूड करा, म्हणजे उंची बिघडणार नाही.

पुढच्या वेळी पैशांचाही विचार करा. वखारीत हिशेब घनफुटाचा: जाडी आणि रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. तुमच्या तीन फळ्या बरोबर एक घनफूट झाल्या. पावणेदोन बाय पावणेसहा सांगितलं असतं, तर रंध्याला पाव इंच ठेवूनही साधारण ०.८४ घनफुटात भागलं असतं. मात्र लाकूड वाळलेलं आणि सरळ हवं. वाकड्या फळीला पाव इंच पुरत नाही. म्हणून वखारीत माप सांगताना ‘रंध्याआधीचं’ की ‘रंधून झाल्यावरचं’, हे आधी बोलून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी फळीची दोन्ही टोकं स्वतः टेपनं मोजा.