दयेचा अर्ज: उशीर कोणाचा, ते आधी बघा

तुमच्या धाकट्या भावाची फाशी सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. तसं कळवणारं तुरुंग अधीक्षकांचं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. आणि तुम्ही विचारताय, "दयेचा अर्ज मुद्दाम उशिरा टाकला तर कोल्हापूरच्या त्या बहिणींसारखी जन्मठेप मिळेल ना?" हाच प्रश्न या महिन्यात तिसऱ्यांदा आला, म्हणून स्पष्ट सांगते: नाही. ज्यांनी हे डोक्यात भरवलं, त्यांचं यापुढे ऐकू नका.

त्या बहिणी म्हणजे रेणुका शिंदे आणि सीमा गावित. त्यांची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तो २०१४ मध्ये. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, कारण अर्ज सरकारदरबारी पडून राहिले आणि का पडून राहिले हे सरकारला पटवून देता आलं नाही. पुण्याच्या २००७ च्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातही तेच. तिथे राष्ट्रपतींचा नकार २०१७ चा आणि फाशीचं वॉरंट २०१९ चं. सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान निकालाने २०१४ मध्येच हे ठरवून दिलंय की कैद्याच्या बाजूने मोजायचा तो सरकारचा विनाकारण झालेला उशीर. घरच्यांनी घालवलेले दिवस त्यात धरत नाहीत. माणसाचा जीव घेण्याचा अधिकार सरकारकडे असेल, तर एकेका दिवसाचा जाब त्याने द्यायलाच हवा, असं मी मनापासून मानते. पण तो जाब मागायचा तर आधी आपल्या तारखा चोख लागतात.

आता तुमच्या कामाचं कलम. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७२. अपील फेटाळल्याचं अधीक्षकांनी कैद्याला ज्या दिवशी कळवलं, त्या दिवसापासून ३० दिवसांत दयेचा अर्ज. कैदी स्वतः करू शकतो, नातेवाईकही. राज्यपालांकडे आधी केला आणि त्यांनी नाकारला, तर तिथून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

तुम्ही पत्राचा फोटो पाठवलात. वर जावक क्रमांक आणि तारीख आहे, खाली भावाच्या अंगठ्याचा ठसा. ठशाखालची तारीख नेमकी घडीत गेली आहे. कायद्याने तीच तारीख मोजायची, आणि तीच वाचता येत नाही! म्हणून जावक तारखेपासून मोजा. ती आधीची आहे, त्यामुळे धोका नाही. त्या हिशेबाने तुमच्या हातात नऊ दिवस आहेत.

मुदत टळली तर सगळं संपलं, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ७२ आणि १६१ मध्ये मुदत कुठेच नाही, आणि साध्या कायद्याने या अधिकाराला कात्री लावता येत नाही हे मारू राम प्रकरणात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. तुमचा खटला जुना, त्यामुळे नवीन संहिता लागू होते का, यावरही वाद घालता येईल. वेळ आलीच तर मी तो घालीन. पण भावाचा जीव पणाला लावून तो घालायची हौस मला नाही.

सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचाच निकाल पुन्हा तपासायला सांगणाऱ्या पुनर्विचार याचिकेची ३० दिवसांची मुदत निकालाच्या तारखेपासून चालते, म्हणजे ती बहुधा उलटून गेली असेल. उशीर माफ करण्याच्या अर्जासह ती दाखल करा. फाशीच्या प्रकरणात ती खुल्या न्यायालयात ऐकली जाते. मात्र तिच्यासाठी दयेचा अर्ज थांबवू नका.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. भावावर सहा वर्षं मानसिक उपचार चालू होते, आणि तो केसपेपर तुम्ही सत्र न्यायालयात वकिलांना दाखवलाच नाही, का तर बहिणीचं लग्न अडेल! शिक्षेवरच्या सुनावणीत तो किती कामाचा होता हे आता सांगून उपयोग नाही. आता तो दयेच्या अर्जाला जोडा. सोबत औषधांच्या चिठ्ठ्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांच्या नोंदी. गंभीर मानसिक आजार हा फाशी रद्द करायचा आधार आहे, तेही शत्रुघ्न चौहान प्रकरणातच सांगितलंय. किती चालेल, हे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उद्याच जा. अर्ज अधीक्षकांच्या कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि शिक्क्यातली तारीख नीट उमटली आहे का ते तिथेच उभं राहून बघा. पुसट असेल तर पेनाने लिहून सही मागा. ती प्रत घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.