लहान प्रवासी बोटींना पायलटच्या सक्तीतून सूट: माझं मत

नमस्कार. वेंगुर्ल्याहून चाळीस प्रवाशांची बोट पणजीला आणायची आहे, बोट एवढीशी, मग मोठ्या जहाजासारखी पायलटची, म्हणजे बंदराचं पाणी ओळखणाऱ्या वाटाड्याची, सक्ती कशाला, लहान प्रवासी बोटींना सरसकट सूट का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मांडवी-जुवारीत आधी बार्जवर आणि मग प्रवासी लाँचवर मिळून माझी सव्वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूट हवीच. पण ती सुकाणू धरणाऱ्याच्या नावावर मिळावी, बोटीच्या मापावर नको.

आपल्याकडे 1908 च्या बंदर कायद्यात, ज्या बंदरांना ते कलम लावलं होतं तिथे, 200 टनांची रेघ होती. त्यावरच्या जहाजाला पायलट किंवा बंदराचा अधिकारी सोबत असल्याशिवाय हलता येत नसे. खालच्या यांत्रिक बोटीला लेखी परवानगीवर मोकळीक मिळे. 2025 मध्ये नवा कायदा आला, तरी मापाची ती सवय डोक्यातून जात नाही. हा टन म्हणजे वजन नव्हे, बोटीतल्या बंदिस्त जागेचं माप. वरचा डेक उघडा ठेवला की टन कमी भरतात, माणसं मात्र शंभर बसतात. म्हणून नुसत्या टनांवर प्रवासी बोट सोडून देणं मला कधीच पटलं नाही.

आता आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखाशी पाण्याखाली साचलेला वाळूचा बांध. एकदा मे अखेरीस रिकामी लाँच घेऊन आत येत होतो. पाण्याची खोली दाखवणाऱ्या इको साउंडरवर साडेतीन मीटर, म्हणून मी निवांत. लाट पुढे गेली आणि तिच्या मागच्या खळग्यात आकडा दीडवर आला. नाल, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, वाळूला घासली ती आधी तळपायांना कळली, कानांना नंतर. बाजूला उभा असलेला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा जुना खलाशी, एवढंच म्हणाला, “पांढऱ्याकडे बघू नको, पाणी काळं दिसतंय तिकडे ने.” नकाशात मी होतो ती जागा खोल होती. वाळू सरकली होती आणि रोज ये-जा करणाऱ्या त्या माणसाला ते ठाऊक होतं. पायलट घ्यायचा तो ह्याच माहितीसाठी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी बाहेर ओढत असताना समोरून लाटा आल्या, तर बारवर पाणी अक्षरशः उभं राहतं. लहान बोटीला ते जास्तच भोवतं. जुलै 2017 मध्ये कॅसिनोचं जहाज मांडवीत शिरताना मिरामारला वाळूत रुतलं, ते आख्ख्या पणजीने पाहिलं. पावसाळ्यात बार्जसुद्धा हे मुख टाळून कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात.

तुमची बाजूही खरी आहे. खर्च आहेच, शिवाय खवळलेल्या पाण्यात पायलट बोटीवरून बुटक्या लाँचवर माणूस उतरवणं हाच एक धोका. आणि मोठी जहाजं हाताळणाऱ्याला तुमची बोट कशी वळते ते तुमच्याइतकं कळेलच असं नाही.

ब्रिटनमध्ये 1987 च्या कायद्याने 20 मीटरपेक्षा लहान बोटींना सक्ती नाही. त्यावरच्या जहाजाच्या कप्तानाला त्या बंदराचं पाणी ओळखीचं आहे हे सिद्ध करून स्वतःच्या नावावर सूट-प्रमाणपत्र मिळवता येतं. हा दुसरा भाग मला आवडतो. आपल्याकडे प्रवासी असतील तर 20 मीटरखालीही तोच लावावा: ठरावीक फेऱ्या पायलटसोबत, मग तोंडी परीक्षा, आणि वर्षभर त्या मुखातून गेलाच नाही तर सूट रद्द.

तुम्ही सध्या एवढं करा. तुमच्या बोटीला नेमकं काय लागू होतं ते पणजीच्या बंदर कप्तान कार्यालयातून लेखी घ्या. पहिल्या फेऱ्या ऑक्टोबरनंतर, भरतीला, इथला तांडेल सोबत घेऊन आणि प्रवाशांशिवाय करा. दर फेरीला बारवर किती पाणी मिळालं ते वेळेसकट वहीत लिहा. सूट मागायला जाल तेव्हा ती वही सोबत असू द्या.