आधी ‘घ’ आणि ‘ध’ शेजारी ठेवा
मराठी मजकुरासाठी फॉन्ट निवडताना तो मथळ्याच्या आकारात बघून भुलू नका. मजकूर १० पॉइंटात छापणार असाल तर त्याच आकारात ‘घन–धन’, ‘भार–मार’, ‘वार–बार’ छापून हातभर अंतरावरून वाचा. ‘घ’ आणि ‘म’ची शिरोरेषा सलग असते, ‘ध’ आणि ‘भ’ची डावीकडे तुटते. या दोन जोड्यांतला सगळा फरक त्या फटीत आणि गाठीत. ठळक (बोल्ड) अक्षरात नेमकी तीच बुजते. माझ्या पहिल्या लग्नपत्रिकेत ‘शुभ’चं ‘शुम’ दिसत होतं. यजमान अजून ऐकवतात! ‘ख’ खाली जोडलेला घ्या, नाहीतर ‘खाना’चा ‘रवाना’ होतो. ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे आले तर वाचता येतात, पण मराठी डोळ्याला खटकतात.