ह्यांचा हसरा चेहरा मला आठवतच नाही

दीर्घ आजारानंतर घरातले माणूस गेले की मागे राहिलेल्यांकडून एक काळजी मी वारंवार ऐकते. डोळे मिटले की आजारपणच दिसते, धडधाकट असतानाचा माणूस काही केल्या समोर येत नाही. आपली माया उणी पडली की काय, असे त्यांना वाटते. अशाच एका काकूंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

काकूंचा संसार लालबागच्या चाळीत सुरू झाला. यजमान बँकेत नोकरीला असले तरी त्यांचा जीव मैदानात होता. मातीवरच्या कबड्डीत ते उजवा कोपरा सांभाळत आणि खेळ सुटल्यावर मंडळाचे हिशेब पाहत. भाजी आणायला निघालेला हा माणूस तासाभराने परतत असे, कारण दर दहा पावलांवर कोणी ना कोणी भेटे आणि मग गप्पा रंगत. पुढे त्यांना पार्किन्सनने गाठले आणि अकरा वर्षांनी, पाच महिन्यांपूर्वी, ते गेले.

पहिल्या भेटीत काकू बोलत असतानाच त्यांच्या पर्समधला मोबाइल वाजला. त्या बोलणे अर्धवट टाकून उठल्या, दोन पावले चालल्या आणि तिथेच थांबल्या. “चारची गोळी,” एवढेच म्हणून त्या पुन्हा बसल्या. तो गजर त्यांनी अजून बंद केला नव्हता.

मी त्यांना सांगितले की, अकरा वर्षे ज्यांचे कान गोळीच्या वेळेकडे, घासाच्या ठसक्याकडे आणि रात्रीच्या पडण्याच्या आवाजाकडे लागलेले होते, त्यांच्या मनात तेच दिवस वर राहणार. भीतीच्या आणि काळजीच्या क्षणी घडलेले मेंदू अधिक पक्के धरून ठेवतो. त्यात प्रेमाचे मोजमाप नसते. काकूंनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नसल्याचे दिसत होते. पुढच्या भेटीत खरे दुखणे बाहेर आले. “शेवटची चार वर्षं ते माझ्याकडे बघून एकदाही हसले नाहीत हो, मॅडम. सगळ्या जगाशी हसून बोलणारा माणूस. माझ्या हातून काय चुकलं?”

हे कुटुंबीयांना वेळीच कोणीतरी समजावून सांगायला हवे, असे मला फार तळमळीने वाटते. पार्किन्सनमध्ये मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि त्यामुळे केवळ हातपायच नव्हे, तर चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. पापण्या कमी लवतात, आवाज खोल जातो आणि मनात आनंद असला तरी चेहरा मुखवट्यासारखा स्थिर राहतो. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते हे मी जाणू शकत नाही, परंतु न हसणारा चेहरा हा रागाचा पुरावा नव्हे, हे मी काकूंना निःशंकपणे सांगितले. त्या बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिल्या.

तिसऱ्या वेळी त्या मंडळाच्या वर्गणीची वही घेऊन आल्या. पहिल्या पानांवर टपोरे अक्षर होते. पुढे ते बारीक होत गेले आणि शेवटच्या पानांवर तर आकडे मुंगीएवढे झाले होते. “आम्ही म्हणायचो, कागदाची काटकसर करताय का?” काकू म्हणाल्या. अक्षर असे आकसत जाणे हेही याच आजाराचे लक्षण असते आणि ते कधी कधी निदानाच्या आधीपासून दिसते. ती वही आम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे उलटत गेलो. पानावर एखादे नाव आले की काकू थांबत आणि त्या मुलाची वर्गणी यजमानांनी स्वतःच्या खिशातून कशी भरली, ते सांगत.

“आता चांगलं तेवढंच आठवा,” असे नातेवाईक सांगतात, ते मला पटत नाही. हुकूम सोडून आठवण येत नाही आणि आजारपणाची वर्षेही त्या दोघांच्या सहजीवनाचीच होती. काकूंचे खाणेपिणे, झोप आणि व्यवहार सुरळीत होते, म्हणून मी घाई केली नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ इतकी तीव्र राहिली की रोजचे जगणेच अडते, किंवा जगूच नये असे केव्हाही वाटू लागले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवे.

मैदानावरचे सोबती शेवटी शेवटी येईनासे झाले होते, याचा काकूंना राग होता. तो रास्तच होता. तरीही वहीतल्या दोघांना त्यांनी फोन केला आणि एका रविवारी पाच जण घरी आले. आपल्या खेळाडूला खाटेवर पडलेला पाहवत नव्हते, अशी कबुली त्यांतल्या एकाने दिली. मग जुन्या अंतिम सामन्याचा विषय निघाला आणि शेवटच्या चढाईत यजमानांनी समोरच्याची कंबर धरली की घोटा, यावरून वाद पेटला.

“घोटाच,” काकू चहा ठेवता ठेवता स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या रात्री घरी येऊन त्यांनी खाटेचा पाय धरून ती पकड करून दाखवली होती, तेव्हा पायाचा धक्का लागून दुधाचे पातेले उलटले होते आणि ते पुसता पुसता दोघे हसून बेजार झाले होते. हे मला सांगताना काकूंनी साडीचा पदर खोचला, खाली बसल्या आणि माझ्या टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.