वाचकांचे प्रश्न : प्रकाशाने चिडणारा उंदीर

प्रश्न : मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. मेंदूत प्रकाश सोडून उंदराला हवे तेव्हा चिडवता येते, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? असल्यास माणसाचा रागही असा चालू-बंद करता येईल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण ही हकिगत बहुधा अर्धीच सांगितली जाते. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवालात असे एक प्रथिन असते, की निळा प्रकाश पडताच ते पेशीच्या आवरणात वाट उघडते आणि विद्युतभारित कण आत येऊ देते. या प्रथिनाचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने ठरावीक चेतापेशींमध्ये पोहोचवले, की त्या पेशी प्रकाशाने उद्दीपित होऊ लागतात. एडवर्ड बॉयडेन, कार्ल डायसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली काचपात्रात वाढवलेल्या चेतापेशींवर हे दाखवून दिले, आणि ऑप्टोजेनेटिक्स हे तंत्र पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुजले. जिवंत उंदराला भूल देऊन त्याच्या कवटीतील बारीक छिद्रातून एक बारीक काचतंतू मेंदूत उतरवतात आणि दंतवैद्य वापरतात त्या सिमेंटने तो पक्का बसवतात. जखम भरल्यावर उंदीर पिंजऱ्यात मोकळेपणाने वावरत असतानाच प्रकाश देता येतो.

दायू लिन, डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली नर उंदराच्या हायपोथॅलॅमसमधील (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातील) एका छोट्या केंद्रकावर, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यावर, असा प्रकाश सोडला, तेव्हा तो नर समोरच्या मादीवर, खच्ची केलेल्या नरावर आणि अगदी फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडला. याच केंद्रकातील पेशी शांत केल्यावर हल्ले कमी झाले. हा दुसरा प्रयोग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पेशी उद्दीपित केल्याने एखादे वर्तन घडते एवढ्यावरून ते वर्तन एरवीही त्याच पेशींमुळे घडते असे सिद्ध होत नाही. परंतु समागम चालू असताना मात्र तोच प्रकाश हल्ला घडवण्यास अपुरा पडला. पुढे 2014 साली अँडरसन यांच्याच गटाने या केंद्रकातील विशिष्ट पेशींवर मंद प्रकाश दिला, तेव्हा उंदीर समोरच्या उंदराला हुंगू लागला किंवा त्याच्या अंगावर चढू लागला, आणि प्रकाश वाढवल्यावर त्याने हल्ला केला. पेशींचा एकच गट समोर कोण आहे, उद्दीपन किती आहे आणि प्राणी त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे यांनुसार वेगवेगळे वर्तन घडवत असेल, तर त्याला रागाची कळ म्हणणे मला पटत नाही.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि उंदराच्या मेंदूत सुमारे 7 कोटी. खोलवरची रचना पुष्कळ सारखी असली, तरी अपमान आठवून दहा वर्षांनी येणारा माणसाचा राग उंदराच्या हल्ल्यावरून समजून घेता येईल असे मानण्यास आज आधार नाही. माणसांपर्यंत जे पोहोचले ते वेगळेच आहे. पार्किन्सनसारखी (कंपवातासारखी) लक्षणे निर्माण केलेल्या माकडांत सबथॅलॅमिक केंद्रक हा मेंदूतील खोलवरचा चेतापेशींचा पुंजका निकामी केल्यावर हालचाली सुधारतात, हे 1990 साली दिसून आले, आणि आज कंपवाताच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत याच केंद्रकात इलेक्ट्रोड बसवून उपचार केले जातात.

प्रश्न : माझी मुलगी एम.फार्म. करते आणि तिला उंदरांवर प्रयोग करावे लागतात. ती घरी येऊन अस्वस्थ असते. या प्राण्यांचे कोणी पाहते का?
– एक आई, सक्करदरा, नागपूर

उत्तर : कायद्याने पाहावेच लागते. 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम यांनुसार प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग का चालणार नाही, किती प्राणी लागतील, वेदना कशी टाळणार, हे त्या अर्जात लिहून द्यावे लागते. कागदावरचा नियम पिंजऱ्यापर्यंत पोहोचतो तो मात्र माणसांमुळे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा ॲनिमल हाउसमध्ये कूलर लावून भागत नाही, कारण त्याने आर्द्रता वाढते. तेथे वातानुकूलन आणि वीज गेल्यास जनरेटर असावाच लागतो.

मुलीला एक गोष्ट अवश्य सांगा. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 साली दाखवले, की शेपटीला धरून उचललेले छोटे उंदीर अधिक भेदरलेले असतात, तर ओंजळीत किंवा नळीतून उचललेले उंदीर माणसाच्या हाताला लवकर सरावतात. भीती मोजण्यासाठी जमिनीपासून उंचावर ठेवलेली अधिक चिन्हाच्या आकाराची फळी वापरतात. तिच्या दोन भुजांना भिंती असतात आणि दोन उघड्या असतात. घाबरलेला उंदीर उघड्या भुजेवर जायला कचरतो. त्यामुळे औषधाचा परिणाम म्हणून नोंदलेला आकडा प्रत्यक्षात उचलण्याच्या पद्धतीचा परिणाम असू शकतो. तिची अस्वस्थता मला योग्य वाटते. ती दाबून टाकण्याऐवजी तिने हाताळणीचा हा मुद्दा मार्गदर्शकांपुढे मांडावा.

प्रश्न : मेंदूतील सर्व जोडण्यांचा नकाशा मिळाला, तर प्राण्यांची गरज संपेल का?
– एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : लगेच नाही. सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 सालीच प्रसिद्ध झाला, तरी केवळ त्यावरून तो कृमी पुढच्या क्षणी काय करील हे आजही नेमके सांगता येत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे न्यूरोपेप्टाइडे, म्हणजेच चेतापेशी संदेश देण्यासाठी सोडतात ते छोटे प्रथिनासारखे रेणू. हे रेणू थेट जोडणी नसलेल्या पेशींपर्यंतही पोहोचतात आणि भूक, भीती, झोप यांनुसार त्याच जाळ्याचे काम बदलतात. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातही मेंदूतील न्यूरोपेप्टाइडांवर संशोधन झालेले आहे. तेथील शोधनिबंध मिळवून वाचायला सुरुवात करा.