सासऱ्यांचा दम अचानक का वाढतो? – वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही सिडकोत राहतो. माझे सासरे ६८ वर्षांचे, अंबडच्या एका कंपनीतून रिटायर झालेत. बिडी तीसेक वर्षं ओढली पण सोडून सहा वर्षं झाली. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं निदान झालंय, तोंडाने ओढायच्या औषधाचा पंप (इन्हेलर) चालू आहे, तरी वर्षभरात दोनदा अॅडमिट करावं लागलं. एकदा दिवाळीच्या चार दिवस आधी, तेव्हा घरात फक्त साफसफाई आणि फराळ चालू होता, वेगळं काहीच नव्हतं. नंतर जानेवारीत, नातू शाळेतून सर्दी घेऊन आला, तो दोन दिवसांत उड्या मारायला लागला आणि बाबा मात्र आठवड्याभरात धापा टाकायला लागले. माणूस एकदम नियमाचा आहे हो, पहाटे साडेपाचला फिरायला जाणं चुकत नाही, पूजा, धूप सगळं वेळच्या वेळी, बाहेरचं खात नाहीत. मग असं अचानक का होतं?
– एक सूनबाई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन. ‘वेगळं काहीच नव्हतं’ असं लिहिलंय तुम्ही, पण मी खाली रेघा मारत गेलो तर साफसफाई, फराळ, नातवाची सर्दी, पहाटेचं फिरणं आणि धूप अशा पाच रेघा झाल्या. दम वाढून पेशंट आला की मी घरच्यांना पहिलं हेच विचारतो की आदल्या दोन-चार दिवसांत घरात काय काय झालं. सुरुवातीला सगळे ‘काही नाही’ म्हणतात, मग पाच मिनिटांनी कोणाला तरी आठवतं की हां, त्या दिवशी माळा काढला होता.

सीओपीडीत श्वासनलिका आधीच आतून सुजलेल्या आणि अरुंद असतात. तुम्हाला-मला धुळीने चार शिंका आल्या की विषय संपतो, पण त्यांच्या नळीत तेवढ्यानेच अजून सूज येते, कफ वाढतो आणि आधीच बारीक असलेली वाट आणखी बारीक होते. बिडी सोडली ते फार छान केलं, आजार पुढे सरकायचा वेग त्याने कमी होतो, पण नळ्या हळव्या झाल्यात त्या झाल्यातच.

आता दिवाळी. गाद्या झटकल्या, जळमटं काढली, वरून चिवड्याची फोडणी, आणि मिरच्या तेलात पडल्यावर बैठकीतला माणूससुद्धा ठसकतो हे नाशिककरांना मी काय सांगायचं! चिवडा करू नका असं म्हणत नाहीये, तेवढा वेळ बाबांना शेजारी गप्पा मारायला पाठवा, एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. बाथरूम धुताना अॅसिड आणि ब्लीच एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो तर धडधाकट माणसालाही झेपत नाही. घराला रंग द्यायचा असला तर वास जाईपर्यंत त्यांना मुलीकडे नाहीतर पाहुण्यांकडे राहू द्या.

जानेवारीचं कारण बहुतेक नातवाची सर्दी. दम उसळण्यामागे सगळ्यात जास्त वेळा इन्फेक्शनच असतं, त्यातही साधे सर्दीचे व्हायरस, जे पोराला दोन दिवस त्रास देतात आणि आजोबांना दवाखान्यात नेतात. नातवाला लांब ठेवा म्हटलं तर आजोबाच माझ्याशी भांडतील, म्हणून एवढंच करा, नाक वाहतंय तोपर्यंत झोपायला वेगळं, हात साबणाने धुवायचे आणि एका ताटात जेवायचं नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, न्यूमोनियाची वेगळी, दोन्हींबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पहाटेच्या फिरण्याला लोक पुण्यकर्म समजतात, त्यामुळे इथे माझं कोणी ऐकत नाही. हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर वर न जाता तिच्यातच अडकतो, त्यात सिंहस्थाच्या कामांची धूळ आहेच. शिवाय थंड कोरड्या हवेने नुसत्यानेही नळ्या आवळतात. फिरणं बंद करायचं नाही, उलट चालणं त्यांना औषधासारखं आहे, फक्त ऊन वर आल्यावर नऊच्या पुढे जायचं, मफलर नुसता कानाला नाही, नाकातोंडावरून, आणि मेन रोड सोडून आतल्या गल्लीने.

धुपाचं म्हणाल तर निरंजन लावा, धूप-अगरबत्ती राहू द्या, देव रागावत नाही. आणि तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारतोच, डासांची कॉइल लावता का? २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं दिसलं होतं. बिडी सोडलेल्या माणसाच्या खाटेखाली रात्रभर कॉइल, हे मी निफाडकडच्या एका घरात स्वतः पाहिलंय, आणि मुलाने प्रेमानेच लावली होती. मच्छरदाणी लावा.

ओळखायचं कसं? आधी त्यांचं ‘रोजचं’ काय आहे ते माहीत पाहिजे. किती पायऱ्यांवर थांबतात, सकाळी कफ किती पडतो, रंग कसा असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक शब्द लिहिला तरी पुरे. मग एखाद्या दिवशी संडासला जाऊन आल्यावर खाटेवर बसावं लागलं, कफ वाढला, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, ‘बघू सोमवारी’ नाही. दोनदा अॅडमिट व्हायच्या आधी असे दोन-तीन दिवस गेले असणार, आठवून बघा. आणि वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले, किंवा गुंगीत बरळायला लागले तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल.

एक काम आजच करा, बाबांना तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा. एक आजोबा माझ्यासमोर पंप घेऊन दाखवत होते, तोंड उघडलं, फुस्स केलं आणि लगेच श्वास सोडून माझ्याकडे बघून हसले. सगळं औषध जिभेवर. वर्षभर असंच चालू होतं आणि औषधाला गुण नाही म्हणून मला शिव्या! पंप हलवायचा, आधी श्वास सोडायचा, मग दाबतानाच हळू खोल आत ओढायचा, दहापर्यंत मोजत रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं नळकांडं, मागा. स्टिरॉइडचा पंप असला तर नंतर चूळ भरायची.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहते, वय ५७. आयुष्यात बिडी-तंबाखूला हात लावला नाही, तरी डॉक्टर सीओपीडी म्हणतात. द्राक्षाच्या दिवसांत जास्त त्रास होतो.

उत्तर : मावशी, चुलीपुढे किती वर्षं बसलात ते मोजा. बंद स्वयंपाकघरातल्या लाकूड-गोवऱ्यांच्या धुराने बायकांना हा आजार होतो, बिडी न ओढता. आता गॅस आला तरी पाण्याचा बंब बाहेर धुरतोच, तो पेटवायचं काम दुसऱ्याकडे द्या. द्राक्षाच्या दिवसांत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी होते, ती नळ्यांना टोचते, आणि कडाक्याच्या थंडीत बागेत घड वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात तो धूर घरात शिरतो. फवारणी-धुरळणीच्या दिवशी बागेत जाऊ नका, खिडक्या लावून घ्या. मजुरांचं कोण बघणार म्हणाल तर मुलाला पाठवा, त्याची बाग आहे ना!

प्रश्न : वडिलांना सीओपीडी आहे, काचबिंदूचे ड्रॉप्स चालू झाल्यापासून दम जास्त लागतो. डोळ्याचा आणि छातीचा काय संबंध?

उत्तर : असू शकतो. टिमोलॉल नावाचं औषध असलेले काही ड्रॉप्स डोळ्यातून रक्तात जातात आणि श्वासनलिका आवळू शकतात. बाटलीवरचं नाव वाचा. ड्रॉप्स स्वतःहून बंद करू नका, काचबिंदूत नजर जाते ती परत येत नाही. आज-उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा की यांना सीओपीडी आहे, दुसरे ड्रॉप्स मिळतात. पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या-बाटल्या एका पिशवीत घालून न्या, झोपेच्या गोळ्यासुद्धा.